गॅरी किल्डॉल: संधी हुकली की हिसकावली?

चौकसराव: पर्सनल कॉम्प्युटरचा इतिहास निघाला की गाडी गेट्स आणि जॉब्सवर थांबते. गॅरी किल्डॉल कुणाला आठवतो? १९७४ मध्ये त्याने सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम (कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली) लिहिली. पुढे तिच्यातला हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा काढून त्याला 'बायोस' म्हटलं. मशीन बदललं की तेवढाच तुकडा नव्याने लिहायचा, बाकी सगळं तसंच चालायचं. ए, बी, सी ही ड्राइव्हची अक्षरंही डॉसमध्ये, म्हणजे पुढे गेट्सने आयबीएमला दिलेल्या सिस्टीममध्ये, सीपी/एमवरूनच आली. आणि लोकांच्या लक्षात काय, तर १९८० मध्ये आयबीएमवाले आपल्या नव्या पीसीसाठी सिस्टीम मागायला त्याच्या कंपनीत, पॅसिफिक ग्रोव्हला, आले तेव्हा हा विमान उडवत होता! अन्यायच झाला त्याच्यावर.

रोखठोक: कसला अन्याय? व्यवहार बघणाऱ्या त्याच्या बायकोने, डोरोथीने, आयबीएमच्या गोपनीयतेच्या करारावर सही केली नाही. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि हे तोंड धुवायला गेले. गेट्सकडे तर ऑपरेटिंग सिस्टीम नव्हतीच. त्याने सिएटलच्या एका कंपनीची ८६-डॉस ही सिस्टीम मिळवली आणि सौदा पक्का केला.

चौकसराव: विमानाने तो ग्राहकाकडेच गेला होता, भटकायला नाही. आणि ती ८६-डॉस कशी होती? टिम पॅटरसनने ती मुद्दाम सीपी/एमच्या कॉल्सशी (प्रोग्रॅम सिस्टीमकडे काम मागतात त्या हाकांशी) जुळेल अशी लिहिली होती. म्हणजे दुसऱ्याचा आराखडा घेऊन बांधलेलं घर.

रोखठोक: कोड स्वतःचा असेल तर नुसत्या आराखड्यावर कॉपीराइट लागतो का, हेच तेव्हा धड ठरलेलं नव्हतं. खटला भरायचा होता ना!

जुनी फ्लॉपी: किमतीचं कुणीच बोलत नाहीये. आयबीएमने शेवटी दोन्ही विकायला ठेवल्या: पीसी-डॉस (गेट्सकडून घेतलेली डॉस) ४० डॉलरला, सीपी/एम-८६ (किल्डॉलची पीसीसाठीची आवृत्ती) तब्बल २४० ला. सहापट पैसे कोण मोजणार? (मी वर्डस्टार हे टायपिंगचं सॉफ्टवेअर डॉसवर शिकलो. ते मुळात सीपी/एमवरचं, हे फार उशिरा कळलं.)

रोखठोक: किंमत जाचक होती, मान्य. पण पीसी आला ऑगस्ट १९८१ मध्ये आणि सीपी/एम-८६ पुढच्या वर्षी. तोवर लोकांनी डॉस घेऊन टाकली होती. उशीर कुणाचा?

चौकसराव: उशीर त्याचाच, ते मी नाकारत नाही. मूळचा मास्तर तो, मॉन्टेरीच्या नौदल कॉलेजात शिकवायचा. पण १९९४ मध्ये ५२ व्या वर्षी गेला तरी विमानाची गोष्ट त्याला चिकटलेलीच होती. माझा राग तिच्यावर आहे.

रोखठोक: मग धाग्याचं नाव बदला. 'हिसकावली' मला अजूनही पटलेलं नाही.