विधेयक समितीकडे पाठवलं म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न: बातम्यांत सारखं ऐकतो, विधेयक संसदीय समितीकडे गेलं. तिथे होतं काय? आणि सरकारला त्यांचं ऐकावंच लागतं का?

उत्तर १: नाही, शिफारसी बंधनकारक नसतात. पण खरं काम तिथेच होतं बघा, खात्यांच्या 24 स्थायी समित्या, प्रत्येकीत 31 खासदार, 21 लोकसभेचे नि 10 राज्यसभेचे, मंत्री एकही नाही, कॅमेरे पण नसतात त्यामुळे सगळ्या पक्षांचे लोक शांतपणे एकेक कलम वाचतात, अधिकाऱ्यांना बोलावून विचारतात.

उत्तर २: बजेट अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत खात्यांच्या खर्चाच्या मागण्याही ह्याच समित्या तपासतात.

उत्तर ३: लोकलेखा समिती वेगळी हं, कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, रिपोर्ट ती बघते, अध्यक्ष विरोधी पक्षाचा. मला वाईट याचं वाटतं की विधेयक समितीकडे पाठवणं सक्तीचं नाहीये, ते व्हायलाच हवं.