डिशवॉशर: तुमची घडी कशी बसली?

डिशवॉशर येऊन आठ महिने झाले. त्यातले सहा महिने मी प्रत्येक भांडं आधी सिंकमध्ये स्वच्छ विसळून मगच मशीनमध्ये लावत होते. एका रात्री लेकीने विचारलं, "आई, धुतलेली भांडी परत कशाला धुतेस?" मला उत्तर सुचेना. वेळ काही वाचत नाही, काचेचे ग्लास धुरकट निघतात, प्लास्टिकचे डबे ओलेच राहतात. ज्यांची घडी बसली आहे त्यांनी लिहा. फजित्याही चालतील, किंबहुना त्या आधी लिहा.

*

मग फजितीनेच नारळ फोडतो. मशीनची पावडर संपली होती, म्हणून हाताने भांडी घासायच्या लिक्विडचे "दोन थेंब" घातले. (दोन चमचे. आता लपवून काय करू!) दहा मिनिटांत दाराच्या खालच्या फटीला पांढरी मिशी फुटली आणि बघता बघता ती फरशीवर आली. दार उघडलं तर आत भांडी दिसेनात. डिशवॉशरच्या पावडरीला मुळात फेस येऊ देत नाहीत, कारण फेस झाला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि फवाऱ्याचा जोरच जातो. वाडग्याने फेस उपसला, मग रिकामं मशीन नुसत्या पाण्यावर तीनदा चालवलं. तेव्हापासून पावडरीचा एक डबा कायम जास्तीचा.

*

विसळू नका, नुसतं खरकटं काढा. आमच्या मशीनमध्ये पाण्याचा गढूळपणा ओळखणारा सेन्सर आहे. ऑटो प्रोग्रॅमवर पाणी किती मळलंय ते बघून मशीन स्वतःच ठरवतं, किती वेळ आणि किती गरम धुवायचं. मी नव्वद टक्के भांडी विसळून लावायचे आणि कोपऱ्यात एक चिकट पातेलं तसंच सरकवायचे. मशीनला वाटायचं, आज काम हलकं आहे. पातेलं जसंच्या तसं बाहेर! शिवाय पावडरीतली एन्झाइम्स पिठूळ आणि प्रथिनांचे डाग तोडण्यासाठीच असतात, त्यांच्यासाठी काही ठेवायला नको का? करपलेल्या भांड्याला मात्र भिजवण्यावाचून इलाज नाही.

*

धुऊन झालं की खालचा रॅक आधी रिकामा करा. वरच्या वाट्यांच्या बुडातलं पाणी मग कोरड्या ताटल्यांवर सांडत नाही. बास, एवढंच.

*

धुरकट ग्लासांबद्दल. एक ग्लास व्हिनेगरने पुसून बघा. डाग गेला तर क्षार आहेत. नाही गेला तर काचच झिजली आहे, आणि ती परत पहिल्यासारखी होत नाही. माझे दोन्ही प्रकार झालेत.

पहिल्या खेपेला मशीनचं मीठ मी फालतू खर्च समजत होतो. वाटायचं, ते भांड्यांना लागत असेल. तसं नाही. मशीनच्या आत पाणी मृदू करणारी रेझिन असते. ती पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवते आणि तिची क्षमता संपत आली की मिठाचं पाणी तिला पुन्हा मोकळी करतं. मीठ डिशवॉशरचंच हवं, जेवणातल्या बारीक मिठात भलतं काहीबाही मिसळलेलं असतं. आणि भरताना सांडलंच तर लगेच मशीन लावा, आतल्या स्टीललाही गंज धरतो. त्यानंतर उत्साहाच्या भरात मी कठीणपणाचं सेटिंग शेवटच्या आकड्यावर नेलं आणि पावडरही दुप्पट केली. अतिमृदू पाणी, जास्त पावडर आणि वर सगळ्यात गरम प्रोग्रॅम: सहा ग्लास कायमचे गेले. आपल्या पाण्याचा कठीणपणा तपासून तेवढाच आकडा लावायचा, हे पुस्तिकेत पहिल्याच पानांवर होतं म्हणे.

*

आमच्याकडे भांडण इको प्रोग्रॅमवरून. बाबा घड्याळ लावून बसले. "तीन तास वीस मिनिटं! एवढ्या वेळात मी गावजेवणाची भांडी घासीन." मी सांगितलं, वीज मुख्यतः पाणी तापवायला लागते, इकोमध्ये पाणी पन्नास अंशांच्या आसपास ठेवतात आणि कमी उष्णतेची भरपाई वेळाने करतात. पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिंकमध्ये वीस लिटरची बादली ठेवून सांडपाण्याचा पाइप तिच्यात सोडला. पूर्ण धुणं झालं तरी बादली जेमतेम अर्धी. त्यांना वाटत होतं की मशीन टाकीसारखं काठोकाठ भरत असेल. तळाशी थोडंच पाणी असतं, पंप तेच पुन्हा पुन्हा फेकतो. मग त्यांनी तेवढीच भांडी हाताने धुऊन तीच बादली मोजली, पण आकडा आम्हाला सांगितला नाही. आता रात्री झोपताना इको तेच लावतात.

*

उलट मत मांडते. आम्ही दोघंच. मशीन भरायला दोन दिवस लागतात, तोवर दार उघडलं की वास. अर्धवट भरून लावायचं तर मन धजत नाही. सध्या संध्याकाळी नुसता रिन्सचा छोटा प्रोग्रॅम लावते आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण. तरी अॅल्युमिनियमची पातेली (काळी पडतात), लाकडी पळ्या आणि चांगल्या सुऱ्या हातानेच. म्हणजे सिंक सुटलं नाहीच.

*

वासाचं कारण जाळीत तर नाही ना? दोन वर्षं मला माहीतच नव्हतं की तळाची जाळी फिरवून बाहेर निघते. निघाली तेव्हा आत करडा चिखल, एक बी आणि बरणीचं आख्खं लेबल, लगद्यासारखं झालेलं. फवाऱ्याच्या पात्याची दोन भोकंही बुजली होती, ती टूथपिकने मोकळी केली. आता बरण्या लेबल सोलूनच आत जातात आणि दार लावण्याआधी पातं बोटाने एकदा फिरवून बघते. एखाद्या पळीचा दांडा मध्ये येत असेल तर तिथेच कळतं.

*

धागाकर्ती परत आले. विसळणं बंद केलंय. व्हिनेगरने ग्लासाचे डाग गेले, म्हणजे क्षारच, मीठ भरलं. रिन्स एडचा (भांड्यांवरचं पाणी निथळून ती लवकर वाळावीत म्हणून घालायच्या द्रवाचा) खण आठ महिने कोरडा होता, तोही भरला. डब्यांवरचं पाणी कमी झालंय, पण पूर्ण नाही: प्लास्टिक उष्णता धरत नाही, त्यामुळे स्टीलसारखं आपोआप वाळत नाही. धुणं संपल्यावर दार वीतभर उघडं ठेवते आहे.

एक प्रश्न उरलाय. चमचे एकमेकांच्या कुशीत झोपतात आणि मधली बाजू तशीच राहते. काही उलटे, काही सुलटे ठेवून पाहिले, तरी रोज दोन-तीन सापडतातच. यावर कुणाकडे काही आहे का?