चेटकिणीचं पत्र सापडलंय, घेऊ का?

क्लीव्हलंडकर
नमस्कार मंडळी. इथे ओहायोत एस्टेट सेल लागतात, म्हणजे घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं अख्खं घर विकायला काढतात, पार चमच्यांपासून. तर परवा तिथे एका खोक्यात मार्गारेट हॅमिल्टनच्या हातचं पत्र दिसलं. 'द विझार्ड ऑफ ऑझ'मधली हिरवी चेटकीण, तीच! दोन पानं, निळं बॉलपेन, कुणा लहान मुलीच्या पत्राला उत्तर, त्यात शूटिंगच्या आठवणी, भाजल्याचं वगैरे. तारीख 1949. अक्षर असं की मोडी वाचतोय असं वाटावं. आणि सहीखाली डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू! 1949 ला वेबसाइट? अडीचशे डॉलर सांगतोय. बायको म्हणते एवढ्यात पुण्याला जाताना एक जादा बॅग नेता येईल.

चष्मेबद्दूर
अहो ते विकेड विच ऑफ द वेस्ट, ती सहीखाली तसं लिहायचीच. अर्थात बनवणाऱ्यालाही ते माहीत असणार, त्यामुळे त्यावर जाऊ नका. भाजल्याचं नेमकं काय लिहिलंय ते सांगा. खरी गोष्ट अशी की 23 डिसेंबर 1938 ला मंचकिनलँडमधून, म्हणजे सिनेमातल्या बुटक्यांच्या गावातून, धूर आणि जाळात गायब व्हायचा सीन होता, ती खालच्या दारातून उतरायच्या आधीच जाळ पेटला, चेहरा आणि हात भाजला, वर तो हिरवा रंग तांब्याचा, तो तसाच ठेवून चालणार नव्हतं म्हणून भाजलेल्या कातडीवरून खरवडून काढावा लागला. सहा आठवडे घरी. परत आल्यावर धुराच्या झाडूवर बसायला सरळ नाही म्हणाली, मग तिच्या डबलला बसवलं आणि ती बिचारी जखमी झाली. पत्रात झाडूवर मीच भाजले असं असेल तर सोडून द्या.

रद्दीतला_राजा
त्या काळच्या सगळ्याच सह्या खऱ्या नसतात हो. तीसच्या दशकातली हॉलिवूडची नटी जीन हार्लो, तिच्या कितीतरी फोटोंवर तिची आईच सही करायची. बॉलपेनचं म्हणाल तर अमेरिकेत ते 1945 च्या ऑक्टोबरपासून दुकानात मिळायला लागलं, म्हणजे 1949 ला चालून जातं. पाकीट आहे का? पत्त्यात शेवटी पाच आकडे आहेत का बघा, तो झिप कोड, म्हणजे इथला पिनकोड, 1963 पासून सुरू झाला.

क्लीव्हलंडकर
पाकीट नाही. पण पत्राच्या डोक्यावर तिने स्वतःचा न्यूयॉर्कचा पत्ता लिहिलाय आणि पुढे पाच आकडे आहेत! गेले अडीचशे. भाजल्याचं मात्र बरोबर आहे, झाडू नाही, दार आहे. शिवाय लिहिलंय की दरवर्षी सिनेमा टीव्हीवर लागला की मुलांच्या पत्रांचा ढीग येतो.

सुमेधा_के
मग 1949 शक्यच नाही! टीव्हीवर तो पहिल्यांदा 3 नोव्हेंबर 1956 ला लागला, आणि दरवर्षी लागायला लागला 1959 पासून. 1939 ला थिएटरात त्याने खर्चसुद्धा भरून काढला नव्हता, तो घराघरात पोचला टीव्हीमुळे. बाई मूळच्या तुमच्याच क्लीव्हलंडच्या, नटी व्हायच्या आधी बालवाडीत शिकवायच्या आणि पडद्यावर जेमतेम बारा मिनिटं असून मुलांनी आयुष्यभर त्यांना घाबरून पत्रं लिहिली, मला तर या गोष्टीचं फार वाईट वाटतं. 1975 मध्ये मिस्टर रॉजर्सच्या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी मुलांसमोर चेटकिणीचा पोशाख चढवून दाखवला, हे बघा, हे नुसतं नाटक असतं म्हणून. पण मला एक सांगा, तारीख तुम्ही नीट वाचलीत ना? चार की सात?

क्लीव्हलंडकर
आज भिंग घेऊन परत गेलो. बाकीच्या मजकुरात तिचे सात बघितले तर सगळ्यांच्या पोटात आडवी रेघ, मी त्यालाच चार समजत होतो. 1979 आहे!!

रद्दीतला_राजा
वा! म्हणजे पत्ता, टीव्ही, पेन सगळं जुळलं. तरी लगेच पैसे टाकू नका. खात्रीच्या लिलावांत तिच्या सत्तरच्या दशकातल्या सह्यांचे फोटो मिळतील, एम आणि एच शेजारी ठेवून बघा. कागद उजेडात तिरका धरा, हाताने लिहिलेलं असेल तर मागून दाब जाणवतो, छापील असेल तर पाठ सपाट. विकणाऱ्याला 1979 चं बोलू नका, तो त्याच्या 1949 च्या खुशीत राहू दे. नाहीतर उलटं करा, 1949 असूच शकत नाही म्हणा आणि भाव पाडा.

चष्मेबद्दूर
हे काही बरोबर नाही राव.

क्लीव्हलंडकर
तो म्हणतोय रविवारी शेवटचा दिवस, उरलेलं सगळं अर्ध्या किमतीत. बायको पण येणार आहे सोबत.