मुलीला काउंटीत ॲनिमल कंट्रोल ऑफिसर व्हायचंय. आतली माहिती कुणाला आहे का?

जुना_ओढा

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमध्ये एकवीस वर्षं आहोत. धाकटी मुलगी बायॉलॉजी घेऊन आत्ताच पदवीधर झाली. ती पुढे जनावरांची डॉक्टर होणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. गेल्या रविवारी जेवताना तिने सांगितलं, की शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ॲनिमल कंट्रोल ऑफिसरची (मोकाट, चावऱ्या, छळलेल्या जनावरांचं पाहणाऱ्या अधिकाऱ्याची) जागा निघाली आहे आणि तिने अर्जही भरला आहे. तिची आई तेव्हापासून गप्प आहे.

माझ्या डोळ्यांसमोर लहानपणची नगरपालिकेची कुत्री धरणारी गाडी उभी राहिली. लोखंडी चिमटे, आतून येणारं ते केकाटणं. गाडी आली की आम्ही भावंडं मोत्याला कणगीमागे लपवायचो. हे मी मुलीला सांगू शकलो नाही.

मला तिला अडवायचं नाही. पण दिवसभर काम काय असतं, धोका किती असतो, आणि मुक्या जनावरांवर इतका जीव असलेल्या पोरीला हे झेपेल का, हे कुणी अनुभवाने सांगेल का?

पाणकणीस

मी नोकरीत नाही, काउंटीच्या शेल्टरमध्ये, म्हणजे बेवारस जनावरांच्या निवाऱ्यात, शनिवारी मदतीला जाते. तुमच्या आठवणीतली गाडी आणि इथलं काम यांत पुष्कळ अंतर आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळात आमच्या भागात पाणी चढलं, तेव्हा याच लोकांना बोटीतून कुत्री-मांजरं काढताना पाहिलं. २००५ च्या कट्रीना वादळात पाळीव जनावर सोडून यायला नको म्हणून कितीतरी माणसं घर सोडायला तयार झाली नव्हती. त्यानंतर २००६ मध्ये केंद्राने कायदा केला, की आपत्तीच्या योजनेत पाळीव जनावरांचाही विचार हवा. इथे एक ताई प्रत्यक्ष हे काम करतात. त्यांना धागा पाठवलाय.

करवंदीची_जाळी

दादा, मी टेक्सासमधल्याच एका ग्रामीण काउंटीत अकरा वर्षं हे काम करते. त्याआधी दोन वर्षं शेल्टरमध्ये केनेल, म्हणजे कुत्र्यांचे पिंजरे, धुतले. माहेरी गोठा होता, त्यामुळे जनावराची भीती कधी नव्हती. माणसांच्या दारावर थाप मारायची भीती मात्र होती, आणि या नोकरीत दिवसातून दहा वेळा तेच करावं लागतं. तुमच्या मुलीबद्दल मला पहिला प्रश्न हाच पडला: चिडलेल्या माणसासमोर ती शांत उभी राहू शकते का?

सकाळी ट्रकमध्ये पाणी, सापळे, चामड्याचे हातमोजे, जनावराच्या कातडीखालची ओळखीची चिप वाचायचा स्कॅनर, गळ्यात टाकायच्या दोऱ्या आणि कॅच पोल, म्हणजे पुढे तारेचा फास असलेली काठी. ही काठी लोकांना वाटते तितकी निघत नाही. बहुतेक कुत्री घाबरलेली असतात. मी त्यांच्याकडे पाठ करून खाली बसते, सॉसेजचा तुकडा मागे टाकते आणि वाट पाहते. कधी चाळीस मिनिटं. तोवर डिस्पॅचवर, म्हणजे फोन घेणाऱ्या कक्षात, पुढचे तीन कॉल जमा होतात, तरी घाई करायची नाही. पळणारं कुत्रं हायवेवर जातं.

हायवेवर मेलेल्या कुत्र्यावरूनही मी स्कॅनर फिरवते. चिप खांद्यांमध्ये टोचतात, पण ती कधी कधी घसरून पार पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत गेलेली असते. म्हणून दोन्ही बाजू, छाती, सगळं तपासायचं. पंधरा आकडे उमटले, त्यावरून मालक सापडला, की त्या घरी फोन. एका बाईंनी सात महिने कुंपणाचं दार रात्री उघडं ठेवलं होतं, कुत्रं परत येईल म्हणून. माझ्या फोननंतर त्यांनी ते बंद केलं, हे त्यांनीच नंतर पत्रात लिहून पाठवलं. हा फोन कुठल्या नियमात बसतो का, याची मी फिकीर करत नाही.

आता चावण्याच्या केस. कामाचा मोठा भाग हाच आहे आणि बाहेरच्यांना तो दिसत नाही. कुत्रं माणसाला चावलं की त्याला १० दिवस नजरेखाली ठेवायचं. टेक्सासमध्ये तर चावल्याच्या वेळेपासून २४० तास मोजतात. कारण सरळ आहे. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरतो तो लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. दहा दिवस कुत्रं ठणठणीत राहिलं, तर चावलं त्या वेळी लाळेत विषाणू नव्हता, हे पक्कं. पण हे दारात उभ्या असलेल्या बापाला सांगून बघा. त्याच्या लेखी मी त्याच्या मुलांचं कुत्रं न्यायला आले आहे. रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली असेल आणि आवार बंदिस्त असेल, तर घरच्या घरीही ठेवायला परवानगी देता येते. नसेल तर न्यावंच लागतं. मी वाक्य घोकून ठेवलंय: "मी त्याला शिक्षा करायला आलेली नाही, अकराव्या दिवशी तो परत यावा म्हणून आलेय." बहुतेक वेळा पुढचं बोलणं या वाक्यानंतरच सुरू होतं.

कुत्र्यांमध्ये फिरणारा रेबीजचा प्रकार अमेरिकेतून गेल्याचं २००७ मध्ये जाहीर झालं. पण रोग गेलेला नाही. तो वटवाघळं, स्कंक (घाण वास फवारणारा काळा-पांढरा प्राणी), रॅकून, कोल्हे यांच्यात आहे, आमच्याकडे मुख्यतः स्कंक आणि वटवाघळांत. मला सगळ्यात जास्त छळणारी केस वटवाघळाचीच आहे. पहाटे फोन आला, चार वर्षांच्या मुलाच्या खोलीत वटवाघूळ. मी पोचेपर्यंत आईने झाडूने ते खिडकीबाहेर घालवलं होतं आणि ती सुटकेचा श्वास टाकत होती. वटवाघळाचे दात इतके बारीक असतात, की चाव्याची खूण दिसतही नाही, आणि झोपलेलं लहान मूल सांगणार काय? ते हाती असतं तर मेंदू तपासून बहुधा एक-दोन दिवसांत उत्तर मिळालं असतं. हाती नाही, म्हणून पोराला सगळं घ्यावं लागलं: इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) आणि ०, ३, ७, १४ व्या दिवशी लस. (आपल्या पिढीला पोटातली चौदा इंजेक्शनं आठवतात. आता तसं नाही, दंडात चार.) तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते, वटवाघूळ खोलीत दिसलं तर सोडू नका, ठेचूही नका. जाड हातमोजे घालून वर डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि आम्हाला बोलवा.

साखळीच्या तक्रारी रोजच्या. १८ जानेवारी २०२२ पासून टेक्सासमध्ये कुत्र्याला बाहेर साखळीने बांधून सोडून जाता येत नाही. दोर बांधलाच तर १० फूट किंवा कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट, यात जे जास्त असेल तेवढा हवा. निवारा हवा, सावली हवी, पिण्याजोगं पाणी हवं. आधीच्या कायद्यात आम्हाला आधी २४ तासांची ताकीद द्यावी लागायची, आणि ऑगस्टच्या उन्हात २४ तास म्हणजे काय ते तुम्ही इथे राहता, तुम्हाला माहीत आहे.

अशाच एका तक्रारीवर गेले. जुना ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, खुंटाला ट्रक ओढायची साखळी, पातेल्यात हिरवं पाणी. दार उघडलं ऐंशीच्या आसपासच्या आजोबांनी. त्यांच्या विहिरीचा पंप तीन आठवडे बंद होता. ते स्वतःच शेजाऱ्याकडून दुधाच्या डब्यातून पाणी आणत होते आणि त्यातलं निम्मं कुत्र्याला देत होते. मी दंडाची पावती फाडू शकत होते. त्याऐवजी ट्रकमधलं पाणी उतरवलं, साखळी काढून दोन झाडांमध्ये तार बांधली आणि दोर तिच्यावर सरकता केला, आणि चर्चच्या दोन माणसांना पंपासाठी फोन केला. पुढचे तीन गुरुवार स्वतः जाऊन बघितलं. प्रत्येक ठिकाणी असं जमत नाही. काही ठिकाणी खरा छळ असतो. तिथे फोटो काढायचे, तारखा लिहायच्या, न्यायाधीशाकडे वॉरंट मागायचं, डेप्युटीला, म्हणजे शेरीफच्या पोलिसाला, बरोबर घेऊन जनावर उचलायचं. मग दहा दिवसांच्या आत सुनावणी. तिथे लिहिलेलं उपयोगी पडतं, रडलेलं नाही. मुलीला नीट टिपणं ठेवायची सवय असेल तर अर्धी लढाई जिंकली.

सुटलेली गुरं मात्र आपली नाहीत, ती शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाची. लोक तरी आम्हालाच फोन करतात.

धोका विचारलात. मी एकदाच जोरात चावून घेतलंय, गाडीखाली आलेल्या कुत्रीला मुसक्या न बांधता उचलायला गेले तेव्हा. चूक माझीच. दुखावलेलं जनावर कितीही गरीब असो, आधी तोंड बांधायचं. मला कुत्र्यांपेक्षा हायवेच्या कडेची भीती जास्त वाटते. आणि नोकरी लागताच रेबीजची प्रतिबंधक लस मागून घ्या म्हणावं, ० आणि ७ व्या दिवशी असे दोन डोस. पुढे कधी संसर्गाची शंका आली, तर तिला इम्युनोग्लोब्युलिन लागणार नाही, लसीचे दोनच डोस लागतील. राज्याचा बेसिक कोर्स वर्षभरात करावा लागतो, तो अवघड नाही.

जुना_ओढा

ताई, हे दोनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, मी ते विचारायला कचरत होतो. जनावरं मारावी लागतात का?

तिसरा_प्रहर

मी प्रयोगशाळेत काम करतो. ताईंच्या वटवाघळाच्या मुद्द्याला जोड: नमुना गार ठेवायचा, गोठवायचा नाही, आणि डोकं शाबूत हवं. गोळी डोक्यात घातलेला स्कंक आला की आम्हाला बरेचदा काहीच सांगता येत नाही, आणि तिकडे एक कुटुंब उत्तराची वाट पाहत बसलेलं असतं. बाकी तुमच्या प्रश्नाचं उत्तर ताईच देतील.

करवंदीची_जाळी

वहिनींना खरंच सांगते. हो. काही काउंटींत ऑफिसर फक्त जनावर आणून देतो, काहींत प्रशिक्षण घेऊन त्यालाच ते करावं लागतं. मी दोन्ही केलंय. शेल्टरमधल्या कुत्र्या-मांजरांसाठी टेक्सासमध्ये सोडियम पेंटोबार्बिटलच (भुलीचं औषध, मोठ्या मात्रेत) वापरतात. शिरेतून दिलं की काही सेकंदांत शुद्ध जाते. रस्त्यावर पाठीचा कणा मोडून पडलेल्या जनावरासाठी माझ्याकडे याहून दयेचं काही नसतं, आणि त्याचं मला ओझं वाटत नाही.

ओझं वाटतं ते धडधाकट कुत्र्याचं, ज्याच्यासाठी फक्त जागा नव्हती. माझ्या पहिल्या वर्षी असे दिवस आले. प्रत्येकाला मी नाव द्यायचे, अगदी शेवटच्या पाच मिनिटांपुरतं का होईना, आणि नाव घेऊन बोलत राहायचे. हल्ली दत्तक जाणाऱ्यांची संख्या आमच्याकडे पुष्कळ सुधारली आहे, पण दर उन्हाळ्यात पिल्लांची लाट येते आणि पोटात गोळा येतो. अशा दिवशी मी घरी येऊन लगेच स्वयंपाकाला लागत नाही. अंगणात बसते. घरच्यांना ठाऊक आहे, अर्धा तास कुणी काही विचारायचं नाही. तुमच्या घरी तिला तो अर्धा तास मिळाला पाहिजे. तिच्या आईला एवढंच सांगा.

आणि मुलाखतीआधी तिला काउंटीकडे ऑफिसरबरोबर एक दिवस ट्रकमध्ये फिरायची परवानगी मागायला सांगा. बऱ्याच ठिकाणी देतात. शक्यतो सोमवार घ्या, शनिवार-रविवारचं साचलेलं सगळं त्या दिवशी समोर येतं.

जुना_ओढा

काल धागा मुलीलाच दिला. गाडीची आणि मोत्याची गोष्टही शेवटी सांगितली. ती बराच वेळ वाचत होती. तिची आई म्हणाली, अंगणात एक खुर्ची वाढवूया. मुलीचा एक प्रश्न आहे, तसाच लिहितो: "मी डावखुरी आहे. कॅच पोल सगळे उजव्या हाताने दाखवतात. मी कसा धरायचा?"

करवंदीची_जाळी

तिला सांगा, काही अडत नाही, हात फक्त उलटे. डावा हात मागच्या टोकाला तारेवर, उजवा पुढे काठी पेलायला. फास नुसता गळ्यात टाकायचा नाही. शक्य असेल तर डोकं आणि पुढचा एक पाय, दोन्ही आत घ्यायचे, म्हणजे गळा आवळत नाही. काठीने कुत्र्याला उचलायचं नाही, दिशा द्यायची. गाडीत चढवताना दुसऱ्या माणसाने मागून आधार द्यायचा. आणि सोडायचा खटका आधी डोळे मिटून शंभरदा दाबून बघायचा. घाबरलेलं कुत्रं झटापट करत असताना तो शोधत बसायला वेळ नसतो.