प्रतिसाद: खाऊ, नाताळ आणि लॉटी मून

वर एकांनी म्हटलंय की मिशनरी बायका पोरांना खाऊ द्यायच्या ते निव्वळ आमिष. सरसकट नाकारणार नाही, पण लॉटी मूनची गोष्ट बघा. व्हर्जिनियातली ही बाप्टिस्ट बाई 1873 मध्ये चीनच्या शांतुंग प्रांतात गेली आणि पुढे पिंगतूला एकटीच राहिली. पोरं सुरुवातीला ‘परदेशी सैतान’ म्हणून लांब पळायची. मग तिने घरी बिस्किटं भाजायला घेतली. त्या वासाने आधी पोरं आली, मागोमाग त्यांच्या आया. हे आमिषच, मान्य! पण बाई चिनी कपडे घालून, त्यांची भाषा बोलत तिथेच राहिली. नुसत्या बिस्किटांवर एवढी वर्षं कोण दारात उभं करतं?

नाताळचा संबंध वेगळाच आहे. 1887 मध्ये तिने मायदेशी पत्र लिहून सुचवलं की नाताळाआधीचा आठवडा बायकांनी प्रार्थना आणि वर्गणीसाठी राखून ठेवावा. पुढच्याच वर्षी 3,315 डॉलर जमले, त्यातून तीन बायका चीनला पाठवता आल्या. ही वर्गणी आजही तिच्याच नावाने गोळा होते.

शेवटी दुष्काळात स्वतःचं जेवण वाटून ती उपाशी मेली, असं सांगतात. काही अभ्यासकांना ती आख्यायिका वाटते, मलाही जरा रंगवलेली वाटते. खालावलेल्या प्रकृतीमुळे तिला परत पाठवलं होतं. वाटेत जपानच्या कोबे बंदरात, जहाजावरच ती गेली, 24 डिसेंबर 1912 ला.