मदत हवी आहे: उष्ण कटिबंधातील जंगल सफारीसाठी कोरडा हंगाम निवडावा की पावसानंतरचा काळ?

सप्रेम नमस्कार. उष्ण कटिबंधातील एखाद्या राष्ट्रीय उद्यानात चार दिवसांची सफारी करण्याचा आमचा विचार असून, सोबत माझी ६८ वर्षांची आई असल्यामुळे हंगाम आणि वाहन यांविषयी अनुभवी सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

कोरड्या हंगामाच्या अखेरीस पानगळ झालेली असते, गवत खुरटते आणि प्राणी उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर येतात, त्यामुळे ते दिसण्याची शक्यता वाढते, हे मला ठाऊक आहे. परंतु त्याच काळात ऊन आणि धूळ यांचा त्रासही सर्वाधिक होतो. पाऊस ओसरल्यावर जंगल हिरवेगार आणि हवा सुसह्य असते, मात्र उंच गवतात दहा फुटांवरचा प्राणीही नजरेस पडत नाही. आईला पाखरांची अधिक ओढ आहे (वाघ-सिंहांचे वेड माझे!), म्हणून मी दुसऱ्या पर्यायाकडे झुकतो आहे. हा निर्णय योग्य ठरेल का?

आईला गुडघेदुखी आहे. उघड्या जीपमध्ये खडबडीत वाटेवरून तीन-चार तास बसणे तिला झेपेल का, आणि धक्के कमी बसावेत म्हणून मधली रांग मागून घ्यावी का, हे कृपया सांगावे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यानंतरही काही काळ घ्याव्या लागतात. त्यांविषयी डॉक्टरांचाच सल्ला घेणार आहे. आपण ज्येष्ठांना सोबत नेले असल्यास रोज दोन फेऱ्या केल्या की एकच, हेही अवश्य कळवावे.