हिवाळा पुण्यात, उन्हाळा न्यू जर्सीत: ग्रीन कार्ड आणि मेडिकेअरचं काय?

कोथरूडकर: मंडळी, पुढच्या वर्षी मी ६५ पूर्ण, आम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, रिटायर झाल्यावर हिवाळा पुण्यात आणि उन्हाळा मुलीजवळ एडिसनला असा विचार चाललाय. कार्ड टिकेल ना? आणि मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा ६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा, पुण्यात चालणार नसेल तर त्यातला पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा, दरमहा प्रीमियमवाला भाग) घ्यायचाच कशाला?

सीमोल्लंघन: दादा, सलग १८० दिवसांच्या आत अमेरिकेत परत या. त्यापुढे एअरपोर्टवर प्रश्न वाढतात, वर्षाहून जास्त बाहेर राहायचं तर रीएन्ट्री परमिट (परत येण्याचा आगाऊ परवाना) हवं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. नुसत्या तारखा सांभाळून भागत नाही बरं, घर, टॅक्स रिटर्न, बँक खातं सगळं अमेरिकेत चालू दिसलं पाहिजे.

रेवाताई: मेडिकेअर भारतात चालत नाही, पण पार्ट बी सोडू नका हो! नोकरीचं कव्हर नसताना उशिरा घेतलात तर दर पूर्ण १२ महिन्यांमागे प्रीमियम १० टक्के वाढतो आणि सहसा कायमचा. पुण्यासाठी भारतातली आरोग्य विमा पॉलिसी आत्ताच काढा, २०२४ पासून ती घ्यायची ६५ची वयोमर्यादा गेलीय, तरी आधीच्या आजारांच्या खर्चाला ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं.

कोथरूडकर: हिला शुगर आहे ताई, म्हणजे तिचीच पॉलिसी आधी बघतो. खूप आभार दोघांचे.